मोटरच्या हाती दिलेलं कार्ड

आमच्या ओसरीवर गावचं पोस्ट होतं. सासरे ते चालवत. टपालाची थैली सरकारची, पण ती आर्वीला नेण्या-आणण्याचा ठेका एका खाजगी मोटरवाल्याकडे होता. सकाळी मोटर दारात थांबायची. थैलीच्या तोंडावर मी दिव्यावर वितळवलेली लाख ओतायची आणि शिक्का सासरे मारायचे. सगळ्या गावाची पत्रं माझ्या हाताजवळून जात. मला मात्र एक पाठवता येत नव्हतं, कारण जाणारं प्रत्येक कार्ड सासरे आधी वाचत.

माझा सहावा महिना सरत आला होता. पहिल्या बाळंतपणाला आईकडे जायचं होतं. सासरे म्हणत, "इथंच होईन." कारण त्यांनी कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

लग्नात भावानं एक कोरं कार्ड दिलं होतं. त्यावर मी लिहिलं, "सातव्यात मले न्यायले ये." एके दिवशी मोटर लवकर आली. थैली बांधून तयार होती, सासरे न्हाणीत होते. पदर ओढून मीच थैली घेऊन गेले.

ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर कुठी गेले, सूनबाई?"

"आंग धुऊन राह्यले."

"धुवू द्या. थैली सरकारची, पण उशीर झाला का बोलणी आमच्या मालकाले बसते."

मी थैलीखालून कार्ड पुढे केलं. "हे आर्वीच्या पेटीत टाकजा, भाऊ."

"थैलीत काऊन नाई टाकलं?"

मी खाली पाहिलं. त्यानं कार्ड खिशात घातलं.

माहेर नाल्यापलीकडे दोन कोसांवर. आर्वीहून तिकडे गाडीची सरळ वाट होती, कार्डही त्याच वाटेनं जाईल असं मी धरून चालले. पण ते गाव आमच्याच पोस्टाच्या वाटपात होतं. माहेरी पत्र कधी आलंच नव्हतं, मला कसं कळावं? दुसऱ्या दिवशी थैली उघडली आणि माझं कार्ड सासऱ्यांच्या मांडीवर पडलं.

त्यांनी ते वाचलं. शिक्का मारला आणि वाटपाच्या गठ्ठ्यात ठेवलं.

तीन दिवसांनी भाऊ गाडी घेऊन आला. सासऱ्यांनी त्याला चहा पाजला.

"पत्र पोचवणं सरकारचं काम, ते म्या केलं. सून पाठवणं माह्या घरचं काम हाय. नाई पाठवत."

भाऊ रिकामी गाडी घेऊन गेला. चाकांचा आवाज नाल्यापर्यंत ऐकू येत होता.

सकाळी मोटरचा भोंगा वाजला. सासऱ्यांनी हाक मारली, "दिवा आण."

मी लाख वितळवून दिली.