आईच्या जखमेतली अँटीबॉडी

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी मी आणि आई मावशीकडे जेवायला गेलो होतो. मावशीचं घर बारवी धरणाच्या बाजूला, पाड्यावर. आमच्या बदलापूरच्या बेलवलीहून स्कूटीवर आरामात जाता येतं, त्यामुळे आमचं जाणं-येणं असतंच.

जेवण झालं. आई अंगणात उरलेला भात कोंबड्यांना टाकत होती... आणि शेताकडून एक कुत्रा आला. भुंकला नाही, गुरगुरला नाही. सरळ आला आणि आईचा हात दातांत धरला.

धरला तो सोडेचना. मावसभावाने काठी घातली तेव्हा कुठे सुटला आणि लाळ गाळत, झोकांड्या खात निघून गेला. आईच्या दोन बोटांतून आणि तळव्यातून रक्त वाहत होतं.

मावशी जखमेवर लावायला चुना आणायला धावली. मी ओरडलेच तिच्यावर. आईचा हात नळाखाली धरला आणि साबणाने धूत राहिले... धूत राहिले. आई मात्र एक शब्द बोलत नव्हती. रडत नव्हती, कण्हतही नव्हती. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

स्कूटीवर मागे बसवून तिला बदलापूरला आणलं. पोहोचायच्या जरा आधी ती माझ्या पाठीला टेकून म्हणाली, "दत्तूला पण असाच चावलेला."

दत्तू म्हणजे आईचा धाकटा भाऊ. लहानपणीच गेला. आम्हाला कायम सांगितलं होतं, तापाने गेला.

"ताप नव्हता गं," आई म्हणाली. "पाण्याचा तांब्या समोर आणला की किंचाळायचा. मी होते तिथे."

मी गाडी चालवत राहिले फक्त.

दवाखान्यात लगेच लस दिली. मला वाटलं, झालं, सुटलो. पण डॉक्टर जखम बघून म्हणाल्या, "एवढी खोल आहे, नुसत्या लसीवर थांबता येणार नाही. लस घेतल्यावर शरीर स्वतःच्या अँटीबॉडी बनवतं, पण त्याला वेळ लागतो. तोपर्यंत रेबीजचा विषाणू नसांमध्ये शिरला तर? तयार अँटीबॉडी जखमेतच भरायला लागतील. आजच." आणि त्या अँटीबॉडीचं इंजेक्शन त्यांच्याकडे शिल्लक नव्हतं.

अंबरनाथला दोन मेडिकल फिरले. एक बंद, दुसऱ्याने मान हलवली. रविवार दुपार... रस्त्यावर लोक निवांत, आणि मला प्रत्येक सिग्नलला वाटत होतं की आईच्या हातातून काहीतरी वर वर सरकतंय. कोपरापर्यंत आलं असेल. खांद्यापर्यंत आलं असेल. असं एवढ्या लवकर होत नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हा कोण सांगणार?

शेवटी उल्हासनगरला एका नर्सिंग होमखाली मेडिकल उघडं दिसलं. दुकानातले सिंधी काका जेवायला निघाले होते, शटर अर्धं खाली. मी डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी पुढे केली. त्यांनी आईच्या हाताकडे पाहिलं आणि फ्रिज उघडला. छोटीशी बाटली. "है बेटा, है," म्हणाले आणि बर्फाच्या डब्यात घालून स्वतःच आमच्याबरोबर जिना चढून वर आले.

वरच्या डॉक्टरांना आईने पहिला प्रश्न विचारला, "हे घोड्याच्या रक्ताचं का?" तिने कुठेतरी ऐकलं होतं.

"नाही आजी," डॉक्टर म्हणाले. "घोड्याचं असतं ते वेगळं. हे माणसाच्या अँटीबॉडीसारखंच, पण लॅबमध्ये पेशींकडून बनवून घेतलेलं. विषाणूला नेमकं धरेल असं."

मग त्यांनी सुई प्रत्येक जखमेत घातली. बोटांत जागा नसते, हळूहळू भरावं लागतं. तेव्हा आई पहिल्यांदा ओरडली... आणि का कोण जाणे, मला बरं वाटलं.

पण भीती तिथे संपली नाही. दुसऱ्या दिवशी मावसभावाचा फोन आला, कुत्रा ओढ्याकाठी मरून पडला होता. आईला चावण्याच्या आदल्या दिवशी त्याने एका वासरालाही चावा घेतला होता म्हणे. मी आईला सांगितलं नाही. तिला मावशीकडून कळलंच.

त्यानंतर मी एक बघितलं. सकाळी उठली की आई ओट्याजवळ पाण्याचा ग्लास घेऊन उभी राहायची. बघत राहायची त्याच्याकडे. मग डोळे मिटून एक घोट. गिळला गेला की मगच चूळ भरायला जायची. मी दाराआड उभी राहून बघायचे. तिचा घोट उतरला की मगच तिथून हलायचे.

एकदा तिने मला पाहिलं. ग्लास माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे बघत हसली. मग आम्ही दोघी तिथेच, ओट्याला टेकून खूप रडलो. दत्तूमामाबद्दल ती त्या दिवशी पहिल्यांदा नीट बोलली. तो कसा होता, काय खायचा, पोहायला किती आवडायचं त्याला...

मधल्या सगळ्या लसी वेळेवर झाल्या. परवा शेवटचीही झाली. जखम भरलीये, एक बोट अजून नीट वाकत नाही. डॉक्टर म्हणाले, आता घाबरायचं कारण नाही. तरी गल्लीत कुत्रं दिसलं की माझा हात आपोआप आईच्या दंडाकडे जातो.

कुणाला कुत्रा चावला तर कृपा करून चुना, मिरची काही लावू नका. साबणाने भरपूर वेळ धुवा, लगेच दवाखाना गाठा. आणि रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत द्यायच्या इंजेक्शनचं स्वतःहून विचारा. आम्हाला विचारायचं असतं हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

काल संध्याकाळी आई म्हणाली, "ती औषधं बनवतात ना गं लॅबमध्ये, त्या लोकांना कळत असेल का, त्यांच्यामुळे कोण वाचलं ते?"

नसेल कळत, असं तिला सांगायचं जिवावर आलं. त्यांच्यातलं कुणी वाचेल म्हणून इथे लिहिलं. माझ्या आईचं नाव शेवंता आहे.