दार उघडणारा गोलकीपर

परवा कुणीतरी लॉन्ड्री रूममध्ये ओले ग्लव्हज वाळत टाकले होते आणि त्या कुबट वासाने मी थेट अर्विंग शहरातल्या आमच्या जुन्या अपार्टमेंटमध्ये पोचलो. तिथे आमच्या शेजारी कॅनडाचा एक पोरगा राहायचा, आइस हॉकीच्या छोट्याशा लीगमधल्या टीमचा राखीव गोलकीपर. त्याचे पॅड बाल्कनीत वाळायचे. नागपूरहून आलेल्या माझ्या आईने आधी त्या वासाला नावं ठेवली, मग त्यालाच पोहे नेऊन द्यायला लागली. त्याने आम्हाला एका मॅचचे पास दिले. त्या दिवशी एक प्रथा होती: घरच्या, म्हणजे त्याच्या टीमचा पहिला गोल झाला की सगळ्यांनी बर्फावर टेडी बेअर फेकायचे, ते मग हॉस्पिटलमधल्या मुलांना जायचे. बाहेर लोक हाफ पँटमध्ये होते, आत आई शाल-कानटोपीत, मांडीवर अस्वल घेऊन बसलेली. "आपला कुठाय रे?" मी खेळाडूंच्या बाकाच्या टोकाला बोट दाखवलं. खेळाडू बर्फावर आत-बाहेर करताना तो त्यांच्यासाठी कठड्यातलं दार उघडत होता. गोल झाला, चहूबाजूंनी अस्वलं उडाली. आई हलली नाही. "टाक ना गं, आई." "आपला खेळायला उतरला की टाकीन." पुढच्या प्रत्येक मॅचला ती ते अस्वल पिशवीतून आणायची आणि तो दारच उघडत राहायचा. मग सीझनच्या मध्येच त्याला दुसऱ्या गावच्या टीमकडे पाठवलं. अस्वल अजून माझ्या कपाटावर आहे. "त्याला उतरवलं का रे कधी?" आई फोनवर अजून विचारते. नेटवर एका मिनिटात कळेल. मी अजून बघितलेलं नाही.