भिंतीवर पांढरा दिसणारा दिवा

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या.

"भिंतीवर बघा ना ताई, भिंतीवर!" असं म्हणत तो कुठल्याही दिव्याचा झोत आधी भिंतीवर मारायचा. आमच्या छावणी मोहल्ल्यातला, लग्नाकार्यात दिवे लावणारा लाईटवाला. असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल, मोठ्या आवाजाचा, खिशात टेस्टर खोचलेला. साड्या रंगवायचं पहिलं काम मला त्यानंच मिळवून दिलं. दुष्काळात टँकर आला की मला रांगेतून कुणीही मागं ढकलायचं. मग माझी घागर तोच भरून आणायचा.

बिडकीनच्या रस्त्याला लग्नाचे मोठाले हॉल झाले. त्यांना जुने हॅलोजन नको होते, एलईडी हवे होते. "रंगातलं तुम्हाला कळतं," म्हणत तो मला दुकानात घेऊन गेला.

स्वस्त दिव्यात लाल, हिरवे, निळे मणी सुटे सुटे होते. भिंतीवर उजेड पांढराशुभ्र. मी हात आड धरला, तर तीन रंगांच्या तीन सावल्या पडल्या. हळदी रंगाच्या कापडाचा तुकडा धरला, तो हिरवट. महाग दिव्यात चौथा पिवळसर रंगही होता आणि सगळे एकाच भिंगातून मिसळून येत होते. सावली एक, हळद हळदीसारखी.

"भाऊ, हा घ्या," मी हळूच म्हटलं.

"याच्या पैशात ते तीन येतेत, ताई. लोक काय सावल्या मोजायला येतेत का?"

दुकानदार हसला. मी तुकडा पिशवीत घातला, त्यानं स्वस्तातले तीन बांधून घेतले.

पहिल्याच हळदीच्या कार्यक्रमात मी रंगवलेल्या साड्या स्टेजवर शेवाळासारख्या दिसल्या. नवरीची आई सगळ्यांसमोर कडाडली, "हिचा रंगच कच्चा हाय! एक रुपया द्यायचा नाय!"

मी त्याच्याकडं पाहिलं. दिवा माझा हलका आहे, एवढंच बोलायचं होतं त्याला. तो खाली वाकून वायर गुंडाळायला लागला. आठवलं की अजून अंगाची आग होते.

माझी कामं तुटली. तो दर महिन्याला बुडालेल्या मजुरीतले थोडे पैसे आणून द्यायचा.

"पैसे नकोत, चारचौघांत सांगा," मी म्हणायची.

"धंदा बसंल, ताई."

"माझा बसला त्याचं काय?" मी ओरडले. शेजारणी दारात आल्या. तो मान खाली घालून गेला, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा आला.

शेवटचे पैसे त्यानं दवाखान्यातून बायकोच्या हाती पाठवले. ती आली तेव्हा कपाळ मोकळं होतं.

"काही बोलले का?" मी विचारलं.

"ताईचे पुरे झाले का, एवढंच."

"दुसरं काही?"

"नाय."

मी तिच्यासमोर मोजले. पुरे झाले होते.