भर उन्हात आडव्या वहिनी

आमच्या गल्लीत बातमी फुटली, की पाववाल्या वहिनी भर दुपारी बागेत पिऊन पडल्या होत्या. यात खरं एवढंच, की त्या आडव्या होत्या. पिण्याचं म्हणाल, तर ती बाई चहासुद्धा अर्धा टाकून उठते. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण तेव्हा मी तिथेच उभा होतो, हातात फडकं घेऊन.

वहिनी राहतात माझ्या शेजारी. रात्रभर बेकरीत पीठ मळायचं, सकाळभर भट्टीपुढे राहायचं आणि दिवस मावळायच्या आत घोरायला लागायचं. मधली भिंत पातळ आहे, म्हणून मला ठाऊक. उरते ती दुपार. गळ्यात जुना कॅमेरा अडकवून त्या वसंतातल्या फुलांमागे निघतात तेही दुपारीच. जाणकार म्हणतात, दुपारी फुलांचे फोटो काढूच नयेत, रंग पार उडतो. वहिनींची तांबडी पॉपी खरंच दरवेळी फुटलेल्या टोमॅटोसारखी यायची. पाकळीची एक चुणी दिसेल तर शपथ! आणि त्यांना हवी होती नेमकी तीच चुणी.

त्यात बागेतल्या माळीबुवांनी सांगितलं, "पॉपीचा वाफा उद्या सकाळी उपटणार." वहिनींनी तडक माझं दार वाजवलं.

"भावोजी, रिकामेच आहात ना?"

"विचार करतोय."

"मग तो उभ्यानं करा. चला."

बागेत पोचताच माझ्या हातात दिलं बेकरीतलं पांढरं, पातळ फडकं. मळलेल्या गोळ्यांवर झाकतात ते. फुलावर धरलं की ऊन मऊ पडतं म्हणे. वाफ्यात धड असं एकच फूल उरलं होतं. मी त्याच्यावर फडकं ऐटीत झटकलं आणि मूठभर पीठ फुलावर बसलं.

"अगंबाई! भावोजी, फूल तळायचंय का?"

मी ओशाळून फडकं मागे घेतलं. वहिनी गुडघ्यांवर बसून खालून हलकेच फुंकू लागल्या. फुंकता फुंकता थांबल्या. मग हळूच मातीत पाठ टेकली आणि डोकं थेट फुलाखाली सरकवलं.

"काय झालं? काय दिसतंय?"

मला राहवेना. मीही वाकून मान वाकडी केली, तेवढ्यात माळीबुवा झारी घेऊन ओरडत आले, "बाईंना भोवळ आली!"

"ओतू नका!" म्हणत मी मध्ये पडलो. झारी माझ्या डोक्यावर रिकामी झाली. खालून कॅमेऱ्याचा आवाज आला, खट्. एक बाई मातीत आडवी, एक बाप्या ओलाचिंब. कुंपणाबाहेरच्यांनी काय ते ताडलं.

वहिनींनी उठून कॅमेरा पुढे केला. टॉर्चवर हात ठेवला की बोटं आतून लाल दिसतात ना, तशी पाकळी. मागून ऊन आल्यामुळे शीर अन् शीर, चुणी अन् चुणी उजळलेली. मी बघतच राहिलो. मग जरा खाकरून म्हटलं, "वहिनी, कुणी विचारलं तर सांगा बरं का, फडकं भावोजींनी धरलं होतं."

वहिनी म्हणाल्या, "तुम्ही ते बाजूला केलंत, म्हणून फोटो आला."