सगळ्यावर चालणारा हेडसेट

शारजातल्या एका गेमिंगच्या दुकानदाराने मला फसवलं. मी त्याला नाही. तो हल्ली लोकांना उलटं सांगत फिरतो, म्हणून हे आधीच लिहून टाकतो.

मला फसवणं सोपं नाही. अबूधाबीजवळच्या मुसफ्फ्यात दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये काचा उचलत मी सुरुवात केली. आज शारजात माझं स्वतःचं ॲल्युमिनियम आणि काचेचं वर्कशॉप आहे, आणि ते घासाघीस करूनच उभं राहिलंय. माझी पद्धत ठरलेली आहे. आपल्याला काय हवंय ते समोरच्याला कळू द्यायचं नाही. वस्तू हातात घेऊन नाक मुरडायचं. त्याने दिरहॅममध्ये किंमत सांगितली की ती मोठ्याने रुपयांत करून म्हणायची, म्हणजे शेजारची गिऱ्हाइकंसुद्धा दचकतात. मग दाराकडे चालू लागायचं.

हेडसेट बायकोसाठी हवा होता. हे ऐकून लोक हसतात. हसू देत. अल मजाजच्या आमच्या फ्लॅटमधला कन्सोल मुलीसाठी आणला होता. मुलगी कॉलेजात रमली आणि तो बायकोच्या ताब्यात गेला. तिचा धाकटा भाऊ रुवैसला रिफायनरीत असतो. तो, त्याचे दोन रूममेट आणि चौथी ही, असे चौघं ऑनलाइन खेळतात. चौघांतल्या एकाने नकाशावर लक्ष ठेवून बाकीच्यांना कुठे जायचं, कुठे दबा धरायचा ते सांगायचं असतं. ते काम तिचं.

मला याचं नवल वाटलं नाही. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये मी हॉर्नवर हात ठेवून पुढच्या-मागच्या सगळ्यांचा उद्धार करत असतो, तेव्हा शेजारून खालच्या आवाजात येतं, "आत्ता नाही. पुढच्या सिग्नलला डावीकडे. हं, आता लेन बदला." इतकी वर्षं त्या आवाजावर मी गाडी चालवली आहे. तो कधी चढत नाही आणि कधी चुकत नाही.

पण फोनच्या जुन्या इअरफोनला तो पेलवत नव्हता. त्यातून रुवैसला आमचा एसी ऐकू जायचा, मिक्सर जायचा, मी सप्लायरशी भांडलो की तेही जायचं. ती तेवढी जायची नाही. रुवैसच्या पोरांनी आपापसांत स्पर्धा ठेवली होती आणि शुक्रवारी यांची मॅच होती. आवाज सुधारला नाही तर सांगायचं काम दुसऱ्याला देऊ, असं रूममेटांनी बजावलं होतं. ती मला एवढंच म्हणाली, "एक चांगला हेडसेट बघाल का?" स्वतःसाठी ती सहसा काही मागत नाही.

मुलगी म्हणाली, "पप्पा, जस्ट ऑर्डर इट ऑनलाइन." ऑनलाइन! तिथे घासाघीस कुणाशी करायची?

दुकानदार रायगडकडचा, म्हणजे आपल्याच बाजूचा. दुकानात हिरवे-निळे दिवे, भिंतभर हेडसेट.

"या शेठ. कोणत्या कन्सोलसाठी?"

"कोणत्या का असेना. तू दाखव."

त्याने एक चमकणारा काढला. मी नाक मुरडलं. त्याने किंमत सांगितली, मी रुपयांत केली.

"शेठ, रुपयांत केलं तर इथे पाण्याची बाटलीपण महाग वाटेल."

"म्हणून मी पाणी घरून आणतो. यात बोललेलं पलीकडे जातं ना? बोलण्यासाठीच हवाय."

"हबीबी, सगळ्यावर चालतो. बोला, गा, भांडा."

मी दाराकडे निघालो, त्याने हाक मारली. पुन्हा निघालो, पुन्हा हाक. शेवटी भाव पाडून, वर एक पाऊच फुकट घेऊन मी घरी आलो आणि स्वतःवर खूश होतो.

कन्सोलचं नाव मी सांगितलं नाही, हे तो आता सगळ्यांना ऐकवतो. नाही सांगितलं. सौद्यात आपले पत्ते कुणी उघडे करतं का? पण 'सगळ्यावर' म्हटल्यावर त्यात माझा कन्सोल येत नाही का?

त्या संध्याकाळी तिने ओढणीवर हेडसेट चढवला. आवाज छान येत होता. भाऊ म्हणाला, "आपा, आहेस का?" ती म्हणाली, "आहे." तो पुन्हा म्हणाला, "आपा?" तिने वायर काढून लावली, सेटिंग उलटसुलट केली, मुलीला बोलावलं. मुलीने डबा वाचला आणि सांगितलं की याचा माइक फक्त ब्लूटूथवर, म्हणजे फोनसाठी आहे. आपला कन्सोल ब्लूटूथचा हेडसेट घेतच नाही. वायरने ऐकू येईल, बोललेलं जाणार नाही.

तोवर तिकडे त्यांना वाटलं, ही गेली. मी हेडसेटच्या एका बाजूला कान लावला. एक रूममेट म्हणत होता, "आपा अच्छी हैं यार, दिमाग उन्हीं का है. लेकिन आवाज़ ही नहीं आती तो क्या फायदा? किसी और को बिठाते हैं." भाऊ गुळमुळीत काहीतरी बोलला.

"मी इथेच आहे," बायको म्हणाली. तिच्या नेहमीच्या आवाजात. ते फक्त मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्याने खांदे उडवले. "डबा उघडला, खलास."

घरी येऊन मी आदळआपट करत होतो. बायको म्हणाली, "उद्या मी येते. तुम्ही बोलायचं नाही."

"एक शब्दही नाही?"

"सलाम करा. मग गप्प."

दुकानात आमच्यासारखाच एक कन्सोल डेमोसाठी लावलेला होता. तिने विचारून त्यावर आपलं खातं उघडलं आणि रुवैसला भावाला जोडून घेतलं. त्याची सुट्टी होती. त्याचा आवाज टीव्हीतून दुकानभर येत होता. मग तिने आमचा चमकणारा हेडसेट लावला आणि म्हणाली, "डावीकडे दोघं. थांबा. आता जा."

"आपा?" टीव्ही म्हणाला. "हॅलो? आपा, झोपलीस का?"

गिऱ्हाइकं हसली. तिने हेडसेट काढून काउंटरवर ठेवला. "तुम्ही यांना सांगितलं होतं, सगळ्यावर चालतो." बस, एवढंच. दुकानदाराने तो उचलून मागे ठेवला. मग म्हणाला, "भाभी, दुसरा बघा."

आणि तिने तो ज्या रीतीने निवडला, ती रीत मी विसरणार नाही. मी आयुष्यभर वस्तू स्वतःच्या हाताने आणि डोळ्याने पारखल्या. स्वतःला कसा ऐकू येतोय, हे तिने विचारातच घेतलं नाही. प्रत्येक हेडसेट लावून तेच वाक्य त्याच खालच्या आवाजात म्हणायची आणि पलीकडच्याला विचारायची, "तुला काय ऐकू आलं?"

"एसी ऐकू आला, आपा. मोठा एसी आहे."

दुसरा.

"'डावीकडे'मधला 'डा' खाल्ला. नुसतं 'वीकडे' आलं."

बाहेरचा गोंगाट कापायच्या नादात तो हेडसेट तिचा हळू आवाजही कापत होता. तोही बाजूला. एक ओढणीवरून घसरायचा. एक कानाला इतका घट्ट बसायचा की स्वतःचा आवाज कळेना, म्हणजे माणूस ओरडणारच. तो तिने लगेच उतरवला. शेवटी वायरवाला एक साधा काळा निघाला. दिवे नाहीत, चमक नाही, कापडी गादी, आणि तोंडाजवळ वाकवता येईल असा माइक. तो घेऊन ती दुकानाच्या उघड्या दारापर्यंत वायर ताणून उभी राहिली. बाहेर सगळा रस्ता वाजत होता.

"डावीकडे दोघं. थांबा. आता जा."

"शेजारी बसून बोलल्यासारखी वाटतेस," भाऊ म्हणाला.

"हा," ती दुकानदाराला म्हणाली. तो माझ्या हेडसेटपेक्षा स्वस्त होता. वरचे पैसे तिने मागितले नाहीत. तो आपणहून गल्ल्याकडे गेला. माझ्या घासाघिशीला इतक्या वर्षांत असा दुकानदार कधी हलला नव्हता.

पैसे देताना मात्र तो माझ्याकडे बघून म्हणाला, "भाभींसाठी करतोय, शेठ. मेहरबानी समजा." मी शब्द दिला होता म्हणून गप्प बसलो.

शुक्रवारी जुम्म्यानंतर मॅच झाली. मी फोन बंद केला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो, कुणी मिक्सरला हात लावू नये म्हणून. ती सोफ्यावर ताठ बसून सांगत होती, आणि रुवैसमधले तिघं बाप्ये तिच्या शब्दाबरोबर वळत होते, थांबत होते, धावत होते. थोडक्यात हरले. पण तक्रार करणारा रूममेटच शेवटी म्हणाला, "अगली बार भी आपा ही बोलेंगी. और कोई नहीं." ती हसली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आता बोललात तरी चालेल."

म्हणून बोलतो. काल पुन्हा दुकानात गेलो होतो. तो म्हणाला, "भाभींचं काम झालं ना? मग आता काय?" तर ऐक, काम तिने केलं. तू मेहरबानी केली नाहीस, आपलं खोटं परत घेतलंस, तेही कबूल न करता. तुझ्या एका शब्दापायी माझी बायको आपल्याच घरात बसून, आपल्याला काढून टाकायचं बोलणं ऐकत होती आणि तिला उत्तर देता येत नव्हतं. तुला तर देता येतं ना? मग भरल्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर सांग: सगळ्यावर चालतो, हे मला कोण म्हणालं?