धार आईची, नाव माझं

मी गाव सोडलं त्या सकाळी आई मला एसटीपर्यंत पोचवायला आली नाही. ती गोठ्यात म्हशीखाली बसली होती. बॅग खांद्याला लावून मी दारात उभा राहिलो तर धार न थांबवता म्हणाली, "पोचलास की फोन कर. आता उठले तर ही दूध चोरंल, आन् तिकडं डेअरी बंद हुईल." एसटीला बसवायला बाबा आले. बाबांना वेळ होता.

तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या साताऱ्याकडच्या डोंगरात घरोघरी हेच चालतं. वैरण कापायची, शेण काढायचं, पेंड भिजवायची, धार काढायची आणि किटली डोक्यावर घेऊन दूध संस्थेत नेऊन घालायचं, हे सगळं बाईनं. संस्थेत सभासद म्हणून नाव मात्र पुरुषाचं.

मी मुंबईत काळाचौकीला एका चुलत्यांच्या खोलीत उतरलो, तिथंच राहिलो. आता परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करतो. सकाळी नाक्यावरून दुधाच्या पिशव्या आणतो. पिशवीवर डोक्यावर पदर घेतलेली बाई म्हशीशेजारी हसत उभी असते. आमच्या संस्थेच्या भिंतीवर सगळ्या चेअरमनांचे आणि संचालकांचे फोटो आहेत, त्यात पदरवाली एकही नाही. जाहिरातीला बाई चालते, खुर्चीला चालत नाही.

बाबा गेले. वर्षश्राद्ध झालं आणि काही दिवसांत लालबागच्या आमच्या गावकरी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझा फोटो आला. पुष्पगुच्छ, हात जोडलेले, आणि खाली 'दूध संस्थेचे नवे सभासद, हार्दिक अभिनंदन'. मला कुणी विचारलं नव्हतं. आईला तर सांगितलंही नव्हतं. बाबांच्या जागी वारस म्हणून संस्थावाले परस्पर माझं नाव लावून मोकळे झाले होते.

माझी बायको लालबागमध्ये जन्मली, पण चिडली की मालवणीवर येते. फोटो बघून म्हणाली, "तू रे कसलो सभासद? तुका दूध तापवूक सांगला तरी तू उतू घालवतस!"

तिचं खोटं नव्हतं. म्हशीला शेवटचा हात कधी लावला तेही मला आठवत नव्हतं. सुट्टी टाकून गावी गेलो.

सकाळी आईबरोबर संस्थेत गेलो. दूध घालायला बायकांची रांग लागली होती. चेअरमन आप्पा आत खुर्चीत बसले होते, लांबच्या नात्यानं तेही माझे चुलतेच. मी म्हणालो, "आप्पा, माझं नाव काढा. आईचं लावा."

"का? तू काय परका हाईस का?"

"मी मुंबईत असतो. म्हैस ती सांभाळते."

"धार कुनी काढायची ह्यो घरचा प्रश्न झाला," आप्पा समजावणीच्या सुरात म्हणाले. "सभासद म्हंजी घरचा कर्ता असतो. बाईमानूस सभंला येऊन काय करनार?"

रांगेतल्या सगळ्या बायकांनी ते ऐकलं. आई पुढं झाली. ती भांडणारी बाई नाही. आयुष्यभर बाबांसमोर तिनं आवाज चढवलेला मी ऐकला नाही. ती एवढंच म्हणाली, "मग कर्त्याला सांगा धार काडाया." आणि भरलेली किटली उचलून घराकडं चालू लागली. त्या दुधाचं तिनं दही लावलं.

दुसऱ्या दिवशी संस्थेत एकही बाई आली नाही. कुणी कुणाला निरोप धाडला, मला आजही माहीत नाही. घरोघरी पुरुष म्हशीखाली बसले. म्हशी परक्या हाताला बुजल्या, लाथा झाडू लागल्या, पान्हाच सोडेनात. ज्यांना थोडंफार जमलं त्यांनी तांब्यातून दूध आणलं, लाज वाटून परत नेलं. टँकर जवळजवळ रिकामाच गेला. आणि खुद्द आप्पांच्या गोठ्यात काकू दारात मांडी घालून तांदूळ निवडत बसल्या होत्या. आत आप्पा धोतर खोचून म्हशीची मनधरणी करत होते.

हसू येतं ना? मलाही आलं. पण ते हसू टिकलं नाही.

तिसऱ्या दिवशी बैठक बसली आणि आईचं नाव लागलं. फक्त आईचं. विधवा म्हणून. बाकीच्या बायकांना सांगितलं, "तुमचं नवरं हाईत की जिते, तुमास्नी कशाला पायजे?" म्हणजे बाईला तिच्या कष्टाचं नाव मिळायला आधी नवरा मरावा लागतो! हे बोलताना तिथं एकाचीही मान खाली गेली नाही. काकू दुसऱ्या दिवशी पुन्हा आप्पांच्या नावानं दूध घालून आल्या.

मुंबईला परतलो तर मंडळातली माणसं म्हणाली, "गावाची शोभा केलीस." मित्रांनो, तुम्हीही धार बघतच लहानाचे मोठे झालात. तुमच्या शिक्षणामागं कुणाचे हात होते? तुमचा सत्कार झाला तेव्हा आईबापांतल्या कुणाच्या गळ्यात हार पडला?

वार्षिक सभेला मी मुद्दाम गेलो, मागं उभा राहिलो. आईसाठी भिंतीकडेला सतरंजी टाकली होती. ती तिकडं गेलीच नाही, पहिल्या ओळीतल्या खुर्चीवर बसली. विषय संपत आले तेव्हा उठली. "जनावराचा डाक्टर बोलवल्यावर का येत न्हाई?" तिनं विचारलं. "आन् दूध घालनाऱ्या समद्या बायकांची नावं कवा लावताय?"

पहिल्याचं उत्तर मिळालं. दुसरं पुढच्या सभेवर ढकललं.

परवा गावी गेलो होतो. पारावर एक म्हातारा भेटला, त्याला नीट दिसत नाही. त्यानं विचारलं, "कुनाचा रं तू?"

इतकी वर्षं या प्रश्नाला मी बाबांचं नाव सांगत आलो.

"कमलचा," मी म्हणालो.

"अरं, बापाचं नाव सांग की."

बाबांवर माझा राग नाही. पण मी पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्यानं. "कमलचा. तिच्याच घरी चाललोय."