तिसऱ्या अंकातली आई

मी स्टील प्लांटच्या इन्स्ट्रुमेंटेशनमधला, म्हणजे मोजमापाच्या यंत्रांचा माणूस. काटा हलला की त्यामागे कारण असतंच, यावर नोकरी काढली. भूतबित म्हणणाऱ्यांना मी हसायचो. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय...

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. आमच्या सेक्टरच्या मराठी मंडळाचं गणपतीतलं नाटक दरवर्षी मीच लिहायचो. त्या वर्षी आई गेली. तार मिळाल्यावर गाडी पकडून तुमसरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. परत आलो आणि माझं लिहिणं थांबलं. दोन अंक आधीच झाले होते. तिसऱ्यात बऱ्याच वर्षांनी मुलगा घरी येतो — आणि नाटकातली आई बोलतच नव्हती! ड्यूटीवरून येऊन बसायचो, एक ओळ लिहायचो, खोडायचो. हिला म्हटलं, "यंदा मंडळाले नाही सांगून टाकतो."

"लोकं तालमीले येऊन राहिले न् तुमी नाही म्हनता?" ही म्हणाली.

रविवारी सकाळी हॉलमध्ये तालीम होती. आईचं काम मीनाताईंकडे. त्या साताऱ्याच्या, आमची बोली त्यांना कधी जमली नाही. म्हटलं, मुलगा दारात येतो तिथपर्यंत करू, पुढचं लिहिलेलं नाही. मुलगा आला. मीनाताई थांबल्या, मान किंचित कलली, आणि अगदी हळू म्हणाल्या —

"आला का रे बापा? घाई नोको करू. पाय धू, जेव. मी थांबून राहिली ना तुह्यासाठी."

माझ्या अंगावर सरकन काटा आला. विचारलं, "हे कुठून आणलंत?"

"कुठून म्हणजे? तुम्हीच तर मागून प्रॉम्प्ट केलंत. तुमचाच आवाज होता."

मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

त्या दिवशी घरी येऊन, मीनाताईंचं ते बोलणं तसंच ठेवून, एका बैठकीत अंक पुरा केला. पेन अडलंच नाही. ही खूश झाली. मी मात्र नीट जेवलो नाही.

प्रयोगाला तुमसरहून दादा-वहिनी आले होते. नाटक रंगलं, टाळ्या पडल्या. वहिनी मात्र खुर्च्यांच्या मागे एकट्याच उभ्या होत्या. चेहरा उतरलेला.

"भाऊजी, ते तुमाले कोनं सांगतलं?"

"काय?"

"आई जाताना हेच बोलल्या. दरवाज्याकडं पाहून. खोलीत मी एकटीच होती. तुमच्या भावालेबी नाही सांगतलं मी."

"कावून?"

"पुढचं आयकून भेव वाटलं. तुमी नाटकात ते घेतलंच नाही."

"पुढं काय बोलली?"

वहिनींनी पदर सावरला. "नाही आलं ना तुमाले? मंग राहू द्या."

नंतर कितीदा विचारलं, त्यांनी विषय बदलला. आता त्याही नाहीत. मित्र म्हणतात, सगळ्या आया असंच बोलतात, योगायोग असेल. असेलही... पण मीनाताईंनी ऐकलेल्या माझ्या आवाजाचं काय?

त्यानंतरही मी नाटकं लिहिली. लिहिताना अडलो तर आता बरं वाटतं. एखादं वाक्य आपसूक यायला लागलं, की मीच पेन खाली ठेवतो.